टिरियन नेमका कुणाचा? एका मोडीवाचकाचं उत्तर

विषय जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या पुस्तकांचा, ज्यांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका निघाली. पुढं सगळी रहस्यं फोडली आहेत. पुस्तकं अजून वाचायची असतील तर इथंच थांबा.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीत तुमच्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. तुमच्या मते बुटका टिरियन लॅनिस्टर हा बलाढ्य सरदार टायविन लॅनिस्टरचा मुलगाच नव्हे, तो टार्गेरियन राजघराण्यातल्या वेड्या एरिस राजाचा. म्हणजे एरिसची मुलगी आणि तीन ड्रॅगनांची मालकीण डेनेरिस हिचा सावत्र भाऊ. 'ड्रॅगनला तीन डोकी असतात' या भाकितातलं तिसरं डोकं तोच, आणि शेवटी तो ड्रॅगनवर बसणार. मित्र म्हणतात हे सगळं ओढूनताणून आणलेलं आहे. त्यावर पैजही लागलीय. तुम्ही सात पुरावे मांडलेत आणि विचारलंय, यातले टिकतात किती?

मी लेखक नाही, समीक्षकही नाही. बावीस वर्षं कोल्हापुरात मोडी कागद वाचून देतो. वाटणीपत्रं, वतनाचे कागद, दत्तकपत्रं, आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ. कोण कुणाचा मुलगा, हे कागदावरून ठरवणं हेच माझं पोट. मार्टिनची पुस्तकं मी रात्री वाचतो, आणि सवय सुटत नाही म्हणून तीही तशीच वाचतो.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. टिरियनचा बाप कोण, हा एक. ड्रॅगनवर बसायला टार्गेरियन रक्त लागतंच का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'लागतं' असं धरून तुम्ही पहिल्याकडं आलात. मित्रांनीही तेच धरलंय, म्हणून भांडण मिटत नाही.

आणि उत्तर कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. मालिकेपुरतं बोलायचं तर विषय २०१९ लाच संपला: तिथं टिरियन टायविनचाच राहिला आणि कुठल्याही ड्रॅगनवर चढला नाही. मी बोलतोय ते पुस्तकांबद्दल. पाचवं २०११ ला आलं, सहाव्याची अजून वाट बघतोय. शिवाय २०१४ आणि २०१८ ला आलेले इतिहासवजा जोडग्रंथ तुम्ही पुरावा मानता का, यावरही बरंच ठरतं. ते त्या जगातल्याच मेस्टरांनी, म्हणजे तिथल्या विद्वानांनी, लिहिल्यासारखे रचलेत, म्हणून मी त्यांना बखरीचं वजन देतो. अस्सल पत्राचं नाही.

आता मी कागद कसा बघतो ते. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एक आजोबा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून वंशावळ घेऊन आले होते. कागद अस्सल होता. कडा कसरीनं खाल्लेल्या, आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगलेली, मोडीत असतात तशी. चार पिढ्या सरळ. पण तिसऱ्या पिढीत दोन भावांच्या मधे तिसरंच एक नाव. खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलं. बाकीची सगळी नावं बोरूनं लिहिलेली: अक्षर वळतं तिथं रेघ जाड होते, उतरते तिथं बारीक. हे नाव टाकाचं. निबाच्या दोन टोकांनी कागद ओरखडलेला, आणि जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर शेजारच्या नावावर चढलेलं. आजोबा म्हणाले, "पण नाव हाय का न्हाई?" म्हटलं, नाव आहे, पण बाकीच्यांबरोबर लिहिलेलं नाही.

थिअरीचंही मी असंच बघतो. खूण सापडली एवढ्यानं भागत नाही. ती मूळ बोरूची आहे का नंतर घुसवलेली? आणि घुसवली असेल तर लेखकानं, का आपणच?

जॉन स्नोला सरदार नेड स्टार्क आपला अनौरस मुलगा म्हणून वाढवतो; थिअरी अशी की तो नेडची बहीण लिआना आणि एरिसचा युवराज रेगार यांचा मुलगा. हा कागद या कसोटीवर लख्ख उतरतो. १९९६ च्या पहिल्याच पुस्तकात नेड स्टार्कला तापाच्या भरात स्वप्न पडतं: एक मनोरा, रक्तानं माखलेला पलंग, मरणाऱ्या बहिणीनं घेतलेलं वचन, आणि दाराशी राजाचे तीन अंगरक्षक. युद्ध संपलेलं, राजा मेलेला, युवराज रेगार मेलेला, आणि देशातले सगळ्यात मोठे तीन योद्धे एका ओसाड मनोऱ्याच्या दारात मरायला उभे. कशासाठी? आत लिआना एकटी असती तर हे कोडं सुटत नाही. राजरक्ताचं मूल असेल तर सुटतं. रेगारनं लिआनाला निळ्या गुलाबांचा मुकुट दिला होता, आणि दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं निळं फूल दिसतं. जॉन नावाचा कुणी माणूस आहे हे तिला माहीतही नसतं. सगळ्या खुणा एका हाताच्या, एका शाईच्या. वर नेडला खोटं बोलायला एकच पण पुरेसं कारण आहे: टार्गेरियनांना उलथून राजा झालेल्या रॉबर्टनं त्या बाळाला जगू दिलं नसतं. मालिका करायला आलेल्या दोघांना मार्टिननं हाच प्रश्न विचारला होता, जॉनची आई कोण. त्यांनी बरोबर सांगितलं. म्हणजे नुसतं वाचून तिथवर पोचता येतं, एवढं लेखकानं ठेवलेलं होतं.

आता टिरियन. तुमच्या सातपैकी तीन खुणा पहिल्या पुस्तकातल्या आहेत, म्हणजे बोरूच्या: पांढरट वाटावे इतके फिकट केस, एक डोळा हिरवा आणि एक काळा, आणि लहानपणी पाहिलेली ड्रॅगनची स्वप्नं. चौथी, एरिसचा टिरियनच्या आईवर, जोआनावर, डोळा होता आणि लग्नाच्या रात्री त्यानं नको तेवढी सलगी केली. ही गोष्ट एरिसचा जुना अंगरक्षक, म्हातारा बॅरिस्टन, डेनेरिसला सांगतो, पण पाचव्या पुस्तकात. टायविन-जोआनाचं लग्न तिथल्या कालगणनेनं २६३ सालचं, टिरियनचा जन्म २७३ चा. मधे दहा वर्षं. एवढा लांबलेला गर्भ मी तरी कुठल्या वंशावळीत पाहिला नाही.

पण थांबा, इथं तुमच्या बाजूनं बोलायला हवं. २०१४ च्या ग्रंथात येतं की २७२ साली जोआना एका मोठ्या स्पर्धेसाठी राजधानीत आली होती आणि एरिसनं भर दरबारात तिच्याबद्दल अभद्र बोलून तिचा अपमान केला. साल नेमकं जुळतं. भोकाच्या मापाचं ठिगळ कुणीतरी आणून लावलंय, आणि तो कुणीतरी लेखकच आहे. म्हणून तुमची थिअरी मी केराच्या टोपलीत टाकत नाही. फक्त त्या ठिगळाचा दुसराही उपयोग आहे. बालपणापासूनचे मित्र असलेले एरिस आणि टायविन इतके का फाटले, हे सांगायला तो अपमान पुरतो. एखादी खूण दुसऱ्या कारणानं पूर्ण सुटत असेल तर तिला मी अर्धीच धरतो. आणि तो ग्रंथ लिहिणारा मेस्टर राजदरबाराला जपून लिहिणारा. आमच्या दारात लहानपणी हेळवी यायचे, बैल आणि चोपडा घेऊन. सात पिढ्या घडाघडा म्हणायचे, आणि मग नवं बाळ कुणाचं, नाव काय, ते आजीला विचारून लिहून घ्यायचे. आजी सांगेल ते. घरच्यांनी जे सांगितलं नाही ते चोपड्यात येणार कुठून?

केसांच्या रंगाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं सगळे घसरतात. पहिल्या पुस्तकात नेड एका मेस्टरनं लिहिलेला घराण्यांच्या वंशावळींचा जाडजूड ग्रंथ वाचत बसतो. माझ्या धंद्यातलं काम एवढ्या थरारकपणे दुसरीकडं मी वाचलेलं नाही. रॉबर्टच्या बॅराथियन घराण्यात पिढ्यान् पिढ्या काळे केस, लॅनिस्टर बाई सून म्हणून आली तरी मूल काळ्या केसांचंच, आणि त्याची राणी, टिरियनची बहीण सर्सेई हिची तिन्ही मुलं सोनेरी. त्यावरून नेडला कळतं की ती रॉबर्टची नाहीत. वाचकांनी तेव्हापासून धडा घेतला की केस बघा, बाप सापडेल. पण त्याच मार्टिननं बेलोर नावाचा टार्गेरियन युवराज दिलाय, ज्याचे केस डॉर्नच्या आईसारखे काळे होते आणि ज्याच्या बापाबद्दल कुणाला शंका नाही. नेडचा निष्कर्ष टिकला तो पिढ्यांची रांग हातात होती म्हणून. सोनेरी केसांच्या घरात एकाचे केस जास्त फिकट निघाले, यात रांग कुठली? आपल्याकडं गव्हाळ घरात एखादं पोरगं जास्त गोरं निघालं की भावकीत कुजबूज होतेच. फेरफार नोंदीला ती कुजबूज जोडता येत नाही.

राहिला तुमचा हुकमी पुरावा: मरताना टायविन म्हणतो, 'तू माझा मुलगा नव्हेस'. त्याच पुस्तकात आधी तो असंही म्हणतो की तू माझा नाहीस हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून तुला माझं नाव लावू देतो. वाक्यं जबरदस्त आहेत. पण बोलणारा कोण आणि कधी बोलतोय ते बघा. बायको ज्याच्या जन्मात गेली त्या मुलाचा तिरस्कार करणारा माणूस, शौचकूपावर बसलेला, त्याच मुलानं सोडलेला बाण पोटात घुसलेला. रागाच्या भरात 'तू माझ्या पोटचा नव्हेस' असं म्हटलेलं पुराव्यात धरायचं तर निम्म्या कोल्हापूरचे वारस तपासावे लागतील. संशय होता, एवढंच यातून निघतं. खरं काय होतं ते निघत नाही.

याच्या विरुद्धची साक्ष तुम्ही यादीत घेतलीच नाही. टायविनची बहीण जेना चौथ्या पुस्तकात टिरियनच्या थोरल्या भावाला, जेमीला, सांगते की टायविनचा खरा मुलगा टिरियन आहे, तू नव्हेस. आणि हे मी एकदा तुझ्या बापाला तोंडावर सांगितलं तर तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. आत्याला यात मिळवायचं काही नाही. ज्या साक्षीदाराचा फायदा नाही त्याची साक्ष मी आधी वाचतो.

फायदा हा शब्द आलाय तर एक प्रकरण सांगतोच. कोल्हापूरचा माणूस या पुस्तकांतल्या हरवलेल्या राजपुत्रांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो, कारण आमच्या गादीच्या इतिहासात तसाच एक आहे. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला, ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले. पुढं तो मुलगा वारला. तिकडं साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना वारस नव्हता. त्यांच्या शेवटच्या दिवसांत ताराबाईंनी सांगितलं: माझा नातू आहे, रामराजा, जिवाच्या भीतीनं लपवून वाढवलाय. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि रामराजा गादीवर बसला. पण तो आजीच्या मुठीत राहीना, पेशव्याला दूर करीना. १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. आणि १७५२ साली पेशव्याशी समेट करताना जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे.

आता सांगा, रामराजा नातू होता का नव्हता? साक्षीदार एकच, साक्षी दोन, आणि दोन्ही वेळा त्या साक्षीत साक्षीदाराचा राजकीय लाभ. ज्यांना दुसरी साक्ष खरी वाटते त्यांना मी विचारतो, पहिल्या वेळी का नाही वाटली? गंमत पुढंच आहे. शपथ झाल्यावरही पेशव्यानं रामराजाला गादीवरून काढलं नाही. १७७७ ला तो वारला तोवर छत्रपती तोच. रक्ताचा निकाल लागला नाही तरी शिक्का चालत राहिला.

पाचव्या पुस्तकातला यंग ग्रिफ आठवला का? तो म्हणे रेगारचा मुलगा एगॉन, जो तान्हा असताना मारला गेला असं सगळे समजत होते. राजदरबाराचा हेरप्रमुख व्हॅरिस म्हणतो बाळ बदललं होतं, खरं बाळ लपवून वाढवलं. मेलेल्या बाळाचं डोकं ओळखू येणार नाही इतकं फोडलेलं, म्हणजे खात्री करायची सोय नाही. साक्षीदार दोन, व्हॅरिस आणि त्याचा व्यापारी दोस्त इलिरिओ, आणि दोघांचा फायदा एकाच बाजूला. शिवाय त्याच्यामागं उभी असलेली गोल्डन कंपनी ही मुळात ब्लॅकफायर, म्हणजे टार्गेरियनांच्या बंडखोर, काळ्या ड्रॅगनचं निशाण मिरवणाऱ्या शाखेसाठी उभारलेली फौज. ती एकाएकी टार्गेरियनांच्या तांबड्या ड्रॅगनसाठी का लढेल? बोरूच्या खुणाही आहेत: दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला काठ्यांवर नाचवलेला कापडी ड्रॅगन दिसतो, आणि चौथ्यात एका खाणावळीच्या काळ्या लोखंडी ड्रॅगनचं तुटलेलं डोकं नदीतून वाहत जाऊन गंजून तांबडं होऊन सापडतं. काळा ड्रॅगन पाण्यात राहून लाल. माझं मत विचाराल तर हा पोरगा ब्लॅकफायर आहे, आणि त्याला स्वतःला ते माहीत नाही. टिरियनपेक्षा या थिअरीवर मी पैसे लावेन.

आता दुसरा प्रश्न, ड्रॅगनचा. रक्त लागतं असं टार्गेरियन सांगतात, आणि त्यांचा फायदा उघड आहे. २०१८ च्या ग्रंथात यादवीच्या वेळी ड्रॅगन जास्त आणि स्वार कमी पडतात, तेव्हा राजपुत्र जेसेरिस दवंडी पिटतो: जो ड्रॅगन काबूत आणेल त्याला जमीन आणि सरदारकी. अनेक जण जळून मरतात, काही बसतात. त्यातली नेटल्स ही गरीब, सावळी पोरगी. तिनं शीपस्टीलर नावाच्या रानटी ड्रॅगनला रोज सकाळी ताजं मारलेलं मेंढरू नेऊन दिलं, तो सवयीचा झाला, आणि ती बसली. तिच्या बापाचा पत्ता नाही. लोक म्हणतात, म्हणजे तिच्यात टार्गेरियन रक्त असणारच. ड्रॅगनवर बसली म्हणून टार्गेरियन, आणि टार्गेरियन म्हणून बसली! असला कागद पहिल्या तारखेलाच उडतो. उलट डॉर्नचा राजपुत्र क्वेंटिन मार्टेल बघा. त्याच्या घराण्यात शंभर वर्षांपूर्वी टार्गेरियन राजकन्या सून म्हणून आलेली, म्हणजे रक्ताचा दाखला पक्का. तो डेनेरिसच्या व्हिसेरियन या ड्रॅगनला वश करायला गेला आणि मागून तिच्याच रेगाल या दुसऱ्या ड्रॅगननं त्याला जाळला. दाखला असलेला जळाला, नसलेली बसली. रक्तानं उपयोग होत असेलही, पण एवढ्या पुराव्यावर ते ना आवश्यक ठरतं ना पुरेसं.

आपल्या गावात तरी हे पटायला हरकत नाही. १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांच्या घरातून यशवंतराव नावाचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. वेस्टरोसमध्ये, म्हणजे या पुस्तकांतल्या देशात, दत्तकविधानाची सोय असती तर निम्म्या कादंबरीचं भांडणच उरलं नसतं.

'तीन डोकी' या भाकिताबद्दल थोडक्यात. ते रेगारच्या तोंडी येतं, आणि भाकितं ही दुसऱ्या भाषेतून आलेली असतात. म्हातारा मेस्टर एमन मरताना सांगतो की आम्ही इतकी वर्षं 'राजपुत्र' शोधत बसलो, चूक भाषांतरात होती, ड्रॅगन नर ना मादी. हे वाचताना मी पुस्तक मिटून हसलो होतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. एका हिशेबाच्या कागदावरच्या 'सुता'वरून मी एकदा अख्खा वारस उभा केला होता. वरिष्ठांनी ओळ पुन्हा वाचायला लावली तेव्हा ती विणकराची उधारी निघाली. तिसरं डोकं टार्गेरियनच असेल असं नाही, हे तर मार्टिननं स्वतः एका वाचकाला कळवलेलं आहे.

म्हणजे तुम्ही आणि तुमचे मित्र, दोघंही बरोबर ठरू शकता. टिरियन टायविनचाच असेल आणि तरीही ड्रॅगनवर बसेल. मला तसंच वाटतं, आणि त्याचं मुख्य कारण केस-डोळे नाहीत. तो एरिसचा निघाला तर त्यानं बापाला मारलंच नाही असं होतं, आणि टायविनचा तिरस्कारही रास्त ठरतो. बापासारखाच असलेल्या आणि बापालाच नकोशा झालेल्या मुलाची गोष्ट मार्टिन पाच पुस्तकं लिहितोय. एका वाक्यात तो ती हलकी करेल, असं मला वाटत नाही.

आणि ड्रॅगनवर बसायची त्याची सोय बोरूच्या शाईत आधीच लिहिलेली आहे, ती तुमच्या यादीत नाही. पहिल्या पुस्तकात नेडचा लहान मुलगा ब्रॅन याचे पाय गेल्यावर टिरियन त्याला एक कागद देतो. त्यावर खोगिराचं चित्र असतं, ज्याला धड चालता येत नाही त्यालाही घोड्यावर पक्कं बसता येईल असं. स्वतःच्या आखूड पायांसाठी असं खोगीर त्याला कुठल्याही जनावरावर बांधता येईल.

पैजेचं म्हणाल, तर ती दोन भागांत तोडा: बाप कोण ही वेगळी, स्वार कोण ही वेगळी. पहिलीत मी तुमच्या मित्रांच्या बाजूला, दुसरीत तुमच्या. सहावं पुस्तक येईपर्यंत पैसे मात्र तिसऱ्याच कुणाकडं तरी ठेवा. तोवर मिसळीचा दर काय झालेला असेल, त्याची काही हमी नाही.